दाढ राहिली आठ महिने

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. पतसंस्थेतून सुटले ती थेट दातांच्या दवाखान्यात गेले. खालची डावी दाढ तीन आठवडे ठणकत होती. एकदाची काढून टाकू म्हणून दुसऱ्या दिवशीची रजाही टाकून ठेवली होती. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा गुंडाळला. दाताच्या दवाखान्यात हे कशाला, असं मनात आलं, पण तोंडात कापूस होता. मशीन घरघरलं आणि थांबलं. बाई आकड्याकडे बघून काहीच बोलल्या नाहीत, नर्सला मला पाणी द्यायला सांगितलं. दहा मिनिटांनी परत पट्टा. पहिल्यांदा १८२/११२, दुसऱ्यांदा १७८/१०८.

"काकू, दाढ आज नाही काढायची."

मी म्हटलं, अहो, मला काही होत नाहीये. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, दोन जिने चढून आलेय. त्या म्हणाल्या, तेच तर. मग विचारलं, दाढेसाठी कुठली गोळी घेताय? पर्समधून पाकीट काढून दाखवलं. मेडिकलवाल्याकडून घेतलेली, डायक्लोफिनॅक असलेली. दिवसाला दोन, कधी तीन, असे वीस दिवस. ती गोळी शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, बीपी चढवते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी ती बंद करून पॅरासिटामॉल आणि पाच दिवसांची अँटिबायोटिक लिहून दिली. "आधी फिजिशियनकडे जा. बीपी खाली आलं की या." तपासणीचे दोनशे रुपये देऊन, दाढ तशीच तोंडात घेऊन मी खाली उतरले.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या सेहेचाळिशीच्या, 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही.

घरी सांगितल्यावर जो तो आपापलं निदान करून मोकळा झाला. नवरा म्हणाला, पोराच्या बारावीचं टेन्शन घेतलंस. सासूबाई म्हणाल्या, पाळी जायचं वय, होतं असं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, मार्चएंड आला ना. चाळिशीनंतर बाईला काहीही झालं की टेन्शन नाहीतर पाळी, तिसरं कारण जगात नाहीच. आकडा मात्र कोणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी, त्याच रजेत, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे १७०/१०४. त्यांनी लगेच गोळी दिली नाही, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. ते म्हणाले, दाढ दुखतेय, ती गोळी चालू होती, काल घाबरलात, आज इथे आलात. दवाखान्यात आलं की कित्येकांचं बीपी चढतं. सात दिवस घरी मोजा आणि वही घेऊन या. पण छातीत दुखलं, दम लागला, बोलताना जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. ईसीजी काढला, तो ठीक होता. तीनशे रुपये. रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या.

तिथे मी पहिला फटका खाल्ला. लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीने 'पॅकेजच घ्या ना, त्यात सगळं येतं' म्हटलं आणि मी मान हलवली. ३,२०० रुपये. जीवनसत्त्वं, थायरॉइड, लोह, असं बावीस ओळींचं प्रगतिपुस्तक मिळालं. डॉक्टरांनी त्यातल्या पाच-सहा ओळींवर पेन फिरवलं: क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते यावरून कळतं), पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रथिन. चिठ्ठीवर तेवढंच होतं. तुम्ही गेलात तर चिठ्ठी पुढे करा आणि म्हणा, एवढंच.

मशीन त्याच संध्याकाळी घेतलं, १,९५० रुपये. मनगटाचं स्वस्त पडत होतं, पण डॉक्टरांनी दंडाचंच घ्या म्हणून बजावलं होतं. घरी येऊन लावलं तर १८८/११४. नवऱ्याला लावलं, १२४/८०. मला रडूच आलं. रात्री मशीनसोबतचं माहितीपत्रक चष्मा लावून वाचत बसले, तेव्हा कोपऱ्यात दिसलं: पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी. शिवणाची टेप काढून दंड मोजला. ३४. दंड जाड आणि पट्टा तोकडा असला की आकडा खोटाच जास्त येतो. दुसऱ्या दिवशी सर्जिकलच्या दुकानातून मोठा पट्टा आणला, ३२ ते ४२ चा, आणखी सातशे रुपये. जास्तीचे ते सातशे वाचवायचे असतील तर दुकानात जाण्याआधीच दंड मोजा.

दुसरी भानगड बाहीची. ब्लाउजची बाही वर सरकवली की दंडाला करकचून बसते. बाहीवरूनच पट्टा लावला तर तेही चूक. दवाखान्यात रांगेत मागे वीस माणसं असताना कोण बाई पदराआड बाही काढणार? मी तपासणीच्या दिवशी सैल बाहीचा कुडता घालायला लागले. एवढ्याशा गोष्टीने निम्मी कटकट गेली.

मोजायचं कसं, तेही शिकावं लागलं. आधी अर्धा तास चहा नाही. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, आणि आमच्या घरात हेच सगळ्यात अवघड. पट्टा फुगायला लागला की सासूबाईंना नेमकं विचारायचं असतं, दूध तापवलंस का. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजलं, उजवीकडे आठने जास्त आलं, तेव्हापासून उजवाच हात धरला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. पतसंस्थेत पंचवीस वर्षं बेरजा केल्यात, हे काम मला जमण्यासारखं होतं. सरासरी आली १५८/९८. दवाखान्यात १४०/९० पासून पुढे जास्त धरतात, घरी १३५/८५ पासूनच. म्हणजे दाढ, गोळी, भीती सगळं वजा करूनही शिल्लक राहिलंच.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. माझे वडील एसटीत मेकॅनिक होते. त्यांना बीपी होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डोकं जड झालं की ते म्हणत, आज बीपी वाढलेलं दिसतंय, आणि गोळी घेत. डोकं हलकं असलं की नाही. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी एका सकाळी दाढी करताना हातातून ब्रश पडला. उजवी बाजू गेली. त्यानंतर सहा वर्षं होते. ते गेल्यावर कपाट आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बीपीच्या गोळ्यांच्या अकरा पट्ट्या सापडल्या, न फोडलेल्या. आई म्हणाली, काटकसरी होते ना, साठवून ठेवत.

वही बघून डॉक्टर म्हणाले, आता गोळी सुरू करू. बहुधा कायमची. 'कायमची' या शब्दावर मी हिशेब करायला लागले. आमच्या पतसंस्थेतले शिपाईमामा कितीतरी वर्षं सरकारी दवाखान्यातून बीपीची गोळी नेतात. त्यांनीच सांगितलं, सातारा जिल्ह्यात हे काम पहिल्यापासून आहे. खरंच आहे. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले जे मोजके जिल्हे घेतले, त्यांत सिंधुदुर्ग, भंडारा, वर्ध्याबरोबर आपला साताराही होता. आमचे डॉक्टर म्हणाले, जा की, औषध तेच आहे. हे सांगणारा खाजगी डॉक्टर मिळाला हे माझं नशीब.

२१ फेब्रुवारी, बुधवार. बारावीचा पहिला पेपर, इंग्रजी. पोराला साडेदहाला केंद्रावर सोडलं आणि तशीच दवाखान्यात गेले. केसपेपरची रांग बारा-पंधरा माणसांची. खिडकीत हातात दहाची नोट धरून उभी होते, तर आतला माणूस म्हणाला, ठेवा ते, आता फुकट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत पैसे घेत नाहीत, हे मला ठाऊकच नव्हतं. आधार कार्ड मात्र मागितलं, ते घरी. मोबाइलमधला फोटो चालला. मग 'असंसर्गजन्य आजार' अशी पाटी असलेली खोली. नाव वाचून माणूस आणखी घाबरेल! शिपाईमामांच्या भाषेत 'बीपी-शुगरची खोली'.

तिथल्या सिस्टरनी आधी बसवलं. गप्प बसा म्हणाल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. १६४/१००. तंबाखू, मिश्री, दारू, घरात कोणाला लकवा, असं विचारत एक कार्ड भरलं, त्यावर चौकोनी कोड चिकटवला. पुढच्या वेळी तो मोबाइलने टिपला की आधीचे सगळे आकडे दिसतात. डॉक्टर तरुण होते, एका पेशंटला चार मिनिटं देत होते, पण त्या चार मिनिटांत कामाचं बोलत होते. अॅम्लोडिपिन ५, रोज एक, तीस दिवसांच्या गोळ्या. "ठरलेल्या वेळी घ्या. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि मीठ कमी." मी म्हटलं, आम्ही मीठ कमीच खातो. ते हसले. "सगळे कमीच खातात, ताई. मोजून बघा."

बाहेर पडले तेव्हा पावणेदोन वाजले होते. खर्च: रिक्षाचे साठ रुपये.

मीठ कसं मोजायचं? वरून घेतलेलं, आमटीतलं, भाकरीच्या पिठातलं, कुठलं कुठलं मोजणार. मग मला आमच्या धंद्यातली युक्ती सुचली: सुरुवातीची शिल्लक, अखेरची शिल्लक. एक किलोची मिठाची नवी पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख टाकली. संपली त्या दिवशी दुसरी. बावीस दिवस. घरात माणसं चार. म्हणजे माणशी रोज अकरा ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना सांगते पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून एक सपाट चहाचा चमचा. शिवाय यात बाहेरचा वडापाव, फरसाण, विकतचे पापड धरलेलेच नाहीत. नवऱ्याला हिशेब दाखवला. तो म्हणाला, थोडं भांडी घासायलाही जात असेल. जात नाही.

मीठ कमी करताना मी एक चूक केली. पहिल्या आठवड्यात आमटी एकदम अळणी केली. सासूबाईंनी ताट सरकवलं, पोरगा लोणच्याची बरणी घेऊन बसला आणि मिठाचा हिशेब उलटा फिरला. नंतर हळूहळू केलं. भाकरीच्या पिठातलं आधी बंद, ते कोणाला कळलंच नाही. मग भातातलं. आमटीत चिंच-आमसूल वाढवलं, कोशिंबिरीवर लिंबू. ताटातली मिठाची जागा काढून टाकली. खर्ड्यावर मात्र तडजोड झाली नाही. मी तो रविवारी एकदाच खाते, आणि शांतपणे खाते. चौथी पिशवी ऑगस्टमध्ये संपली तेव्हा अडतीस दिवस आले होते. माणशी साडेसहा ग्रॅम. पाच झालेले नाहीत, होतील असं वाटतही नाही.

कोणीतरी 'लो सोडियम' मीठ सुचवेल. मीही आणलं होतं, महागडं. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. पुढे मला जी दुसरी गोळी मिळाली तिच्याने रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं, म्हणून डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

मार्च कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. रात्री नऊपर्यंत ऑफिस, ऑडिटरची यादी, पिग्मी एजंटांचे हिशेब. गोळी तीनदा विसरले. मग ती सकाळच्या चहाच्या डब्यावर ठेवायला लागले, तेव्हापासून विसरले नाही. २० मार्चला दवाखान्यात १५०/९४. अॅम्लोडिपिन १० केली. आठ-दहा दिवसांत संध्याकाळी चपलेचे वळ पायावर उमटायला लागले. जोडवी रुतायला लागली. मार्चएंडला बसून बसून पाय सुजतात, असं मी स्वतःला समजावलं. ३१ मार्चला रात्री अकरा वाजता पायात चप्पल जाईना, तेव्हा आमचे मॅनेजरसाहेब म्हणाले, मॅडम, हे बसून नाही झालेलं.

मला वाटलं किडनी गेली. दोन रात्री झोपले नाही. ३ एप्रिलला डॉक्टरांनी घोट्यावर बोट दाबून बघितलं, तपासणीचा कागद पाहिला आणि म्हणाले, गोळीमुळे आहे, या गोळीने काहींना होतं, डोस वाढवला की जास्त. पुन्हा ५ वर आणलं आणि जोडीला टेल्मिसार्टन ४०. ती देण्याआधी सिस्टरनी सगळ्या खोलीसमोर विचारलं, "पाळी येते का? दिवस राहायची शक्यता?" सेहेचाळिसाव्या वर्षी मी कानापर्यंत लाल झाले. पण प्रश्न बरोबर होता, ती गोळी गरोदरपणात चालत नाही. एवढंच की दार लोटून विचारता आलं असतं. सूज आठवड्याभरात उतरली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासलं, तिथेच, फुकट. ठीक होतं.

गोळी सोसली नाही तर ती आपल्या मनाने बंद करायची नसते, जाऊन सांगायचं असतं. आमच्या शेजारच्या काकांना दुसऱ्याच एका गोळीने तीन महिने कोरडा खोकला येत होता. ते खोकल्याची बाटली पीत बसले. गोळी बदलल्यावर खोकला गेला.

मे महिन्यात कोरेगावचे मामा आले ते सर्पगंधाची पूड घेऊन. पुडी कागदात, वर हाताने लिहिलेलं, 'रात्री अर्धा चमचा'. मामांना नाही म्हणणं सोपं नाही. मी पुडी घेतली आणि १५ मेला दवाखान्यात नेऊन दाखवली. वाटलं, डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, मामा अगदीच चुकीचे नाहीत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये याच मुळीवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि सगळ्या जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रिसरपिन वेगळं काढलं, आणि बीपीच्या सुरुवातीच्या खऱ्या औषधांत ते गणलं जातं. ऐकताना मला आपल्या मातीतल्या मुळीचा अभिमान वाटला, खोटं का बोला. पण पुढे ते म्हणाले, त्याने काही माणसं उदास व्हायची, खूप उदास. आणि या पुडीत अर्ध्या चमच्यात औषध किती, ते मामांना माहीत नाही, मला नाही आणि तुमच्या दोन गोळ्यांना तर नाहीच. पुडी मी कपाटात ठेवली. मामांना सांगितलं, डॉक्टरांनी मुळीचं फार कौतुक केलं. हेही खरंच.

त्या दिवशी बीपी १२८/८२ होतं. चालणंही सुरू केलं होतं, रोज सकाळी 'चार भिंती' स्मारकाच्या बाजूला, अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढाने. आधी धापा टाकत, मग बोलत बोलत. वजन साडेतीन किलो उतरलं. जूनच्या वहीत १२२/७८, १२०/७६ असे आकडे दिसायला लागले आणि इथे मी ती गोष्ट केली जी लिहायला लाज वाटते.

गोळी बंद केली.

कारण काही मोठं नव्हतं. जूनच्या फेरीला दवाखान्यात टेल्मिसार्टन नव्हती. पुढच्या आठवड्यात येईल, तोवर बाहेरून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. घरी आले, आकडे बघितले आणि मनात म्हटलं, आता गरज काय? बरी झालेय की. अॅम्लोडिपिनही त्याच ओघात सुटली. पहिले काही दिवस वहीत आकडे चांगलेच येत राहिले, मग मी वहीही बंद केली. महिनाभर मस्त वाटत होतं. हलकं वाटत होतं. आप्पांना जसं वाटत असेल तसंच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माउलींची पालखी लोणंदला आली. नीरा ओलांडून पालखी आपल्या जिल्ह्यात येते, तिथे दर्शनाला आम्ही दरवर्षी जातो. वारकऱ्यांसाठी आरोग्याचा तंबू होता. सासूबाईंचे पाय दुखत होते म्हणून मलम घ्यायला थांबलो. तिथल्या मुलीने सासूबाईंचं बीपी घेतलं, मग मला म्हणाली, ताई, तुमचंही घेऊ? मी म्हटलं, माझं आता ठीक असतं. १६६/१०२. बाहेर टाळ वाजत होते. मी तिला म्हटलं, चालून आलेय ना. तिने खुर्ची दिली, पाच मिनिटं बसवलं, पुन्हा घेतलं. १६२/१००. "गोळ्या चालू आहेत का?" मी सासूबाईंकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं. चहाच्या डब्यावरचं पाकीट महिनाभर हललेलं नाही, हे त्या स्वयंपाकघरात रोज बघत होत्या. परतीच्या एसटीत एवढंच म्हणाल्या, "तुझ्या वडलांना बघायला आले होते मी, आठवतं?"

बुधवारी दवाखान्यात गेले. डॉक्टर ओरडतील अशी तयारी करून गेले होते. ते ओरडले नाहीत, कार्डावर महिना कोरा दिसत होता त्यावर फक्त बोट ठेवलं. आकडा गोळीमुळे खाली होता, म्हणाले. दोन्ही पुन्हा सुरू. गोळी संपली तर जनऔषधी केंद्र गाठायचं, नावानिशी चिठ्ठी तुमच्याजवळ आहे. तिथे दोन्ही गोळ्या मिळून महिन्याला शंभराच्या आत भागतात. आता मी घरात नेहमी पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवते. साठवण्यासाठी नव्हे. वरच्या पट्टीवर तारीख असते, आधीची संपवून मग ती फोडते.

सासूबाईंचं लोणंदला १५२/८६ निघालं होतं. वय त्र्याहत्तर, आयुष्यात कधी मोजलेलं नाही. त्यांचंही कार्ड काढलं. आता दोघींचा बुधवार एकच असतो. रिक्षा एकच, रांगेत त्या बाकावर बसतात, मी उभी राहते. त्या मोजताना अजूनही बोलतात.

ऑगस्ट-सप्टेंबर सुरळीत गेले. गणपतीत पाच दिवस पापड-लोणचं जेवढं टाळता आलं तेवढं टाळलं, मोदकांना मीठ नावालाच लागतं ही बाप्पाची कृपा. वहीत १३० च्या आसपास. डोळ्यांचा पडदाही तपासून घेतला, बीपीचा परिणाम तिथे दिसतो म्हणून सांगितलं होतं. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, त्यानंतर चार तास अक्षर दिसत नाही. त्या दिवशी ऑफिसला जायचा शहाणपणा करू नका.

आणि दाढ? ती विसरलेच होते मी. फेब्रुवारीत अँटिबायोटिक घेतली, ठणका थांबला आणि मग दाढ आहे याची आठवणच राहिली नाही. डाव्या बाजूने चावायचं बंद केलं एवढंच. दसरा झाल्यावर एका रात्री गाल सुजला. सवयीने हात घरातल्या औषधांच्या ड्रॉवरकडे गेला, डायक्लोफिनॅकची उरलेली चार गोळ्यांची पट्टी तिथेच होती. ती कचऱ्यात टाकली आणि पॅरासिटामॉल घेतली.

अँटिबायोटिकचा कोर्स पुन्हा झाला, सूज बसली, आणि २२ ऑक्टोबरला, मंगळवारी, त्याच खुर्चीत जाऊन बसले. सकाळच्या दोन्ही गोळ्या घेतलेल्या, पोटभर खाल्लेलं, सैल बाहीचा कुडता, हातात वही आणि कार्ड. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "तुम्ही अकाउंट्समध्ये आहात का?" पट्टा बांधला. मी पाय जमिनीला टेकवले, डोळे मिटले, गप्प बसले. १३४/८४.

भुलीच्या इंजेक्शनचं दुखलं, नंतर नुसती ओढाताण जाणवली. वीस मिनिटं. आठशे रुपये. दाढ एका वाटीत ठेवून दाखवली, मुळाशी काळी पडलेली. कापसाचा बोळा दाताखाली दाबून मी सूचना ऐकत होते: आज गुळण्या नाहीत, थुंकायचं नाही, गरम खायचं नाही, दुखलं तर पॅरासिटामॉलच. "आणि उद्यापासून दिवसातून चार-पाच वेळा मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायच्या."

मी बोळा काढून विचारलं, "मिठाच्या? किती मीठ?"

"अर्धा चमचा. गुळणी करून टाकायची, काकू. प्यायची नाही."

घरी येऊन मिठाच्या चालू पिशवीवर मार्करने लिहिलं: रोज अर्धा चमचा, चार-पाच वेळा, दाढेच्या खात्यात.